चार वेळा उतरवलेली वही

समुपदेशनाच्या तिसऱ्या सत्राला माझ्याकडे येणाऱ्या एका मुलीनं गृहपाठाची वही उघडली आणि मी बघतच राहिले. पट्टीनं आखलेले रकाने, दोन रंगांची शाई, कुठे खाडाखोड नाही. "वा, छान!" मी बोलून गेले. "मॅडम, चार वेळा उतरवून काढलीय," ती म्हणाली. रात्री दीडपर्यंत बसली होती.

गृहपाठ होता विचारांची नोंद. ती प्रसंग घडल्या घडल्या कच्ची लिहायची असते: काय झालं, मनात काय आलं, किती टक्के खरं वाटलं. ही मुलगी आली होती ती ऑफिसची साधी मेल दहादा वाचल्याशिवाय पाठवता येत नाही म्हणून. आणि मी तिच्या दुखण्याचीच पाठ थोपटली. इतकी वर्षं हे काम करून! अजून ते मनातून जात नाही.

परफेक्शनिझम, म्हणजे सगळं अचूकच हवं हा अट्टाहास, मुलाखतीत गुण म्हणून मिरवणाऱ्यांची मला चीड येते. मेहनत वेगळी. इथे माणूस स्वतःची किंमतच निकालावर टांगतो. शाफ्रान, कूपर आणि फेअरबर्न या संशोधकांनी 2002 मध्ये यातली मेख दाखवली: जमलं नाही तर 'मी नालायक', जमलं तर 'सोपंच असणार', की अपेक्षा आणखी वर. घरचे म्हणतात, "जरा सैल सोड." तिला ती आणखी एक परीक्षा वाटते.

अविवेकी समजुती तपासून बदलण्याची, अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ उपचारपद्धत कि. मो. फडके यांनी मराठीत रुजवली. त्या पद्धतीत आमचं रोजचं काम म्हणजे विचारातला हट्टाचा 'च' पकडणं. 'चूक होताच कामा नये.' तो 'च' तिला दिसला, पण नुसत्या दिसण्यानं सुटत नाही. म्हणून प्रयोग ठरवला: मीटिंगच्या मेलमध्ये एक स्पेलिंग मुद्दाम चुकवायचं, एकदाच वाचायचं, पाठवायचं. भाकीत आधीच कागदावर: 'साहेब सगळ्यांदेखत बोलणार, 90 टक्के.'

उत्तर आलं, "ओके."

"त्यांनी वाचलंच नसेल," ती म्हणाली. मग तोच प्रयोग वेगवेगळ्या लोकांवर पुन्हा पुन्हा. पाचव्या खेपेला भाकीत 40 वर आलं.

परवा वहीत एक ओळ खोडलेली होती, शेजारी चहाचा डाग. 'छान' ओठावर आलं, ते मी गिळलं. पुढची नोंद वाचायला सांगितली. ती खाडाखोड तिची होती, की मला आवडेल म्हणून केलेली? पुढच्या सत्रात तिलाच विचारणार आहे.