सासेर कांगरीला वळसा घालून येणारी श्योक

इंदूरमधल्या मराठी घरांतून मे-जूनला कोणी ना कोणी लडाखला निघालेलंच असतं, आणि मग ग्रुपवर फोटो येतात, हुंदरची वाळू, दोन वशिंडांचे उंट, मागे पसरलेलं राखाडी पाणी आणि खाली लिहिलेलं असतं "नुब्रा नदीकाठी". तर मंडळी, ती नुब्रा नाही, ती श्योक आहे. नुब्रा सियाचिन ग्लेशियरमधून निघते, उत्तरेकडून खाली येते आणि दिस्कितच्या जरा अलीकडेच श्योकला मिळून संपते. पुढे हुंदर, स्कुरु, बोगदांग, तुर्तुक, सगळी गावं श्योकच्या काठावर. टूरवाले अख्ख्या भागाला नुब्रा व्हॅली म्हणतात त्यामुळे असं होतं, लोकांचा दोष नाही, पण एवढी मोठी नदी समोर असून तिचं नाव कोणी घेत नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं, म्हणून हे लिहायला बसलोय.

ही नदी समजून घ्यायची असेल तर मोबाईलवर सॅटेलाइट नकाशा उघडा आणि रिमो ग्लेशियर शोधा, काराकोरमच्या पूर्व टोकाला, सियाचिनच्याही उजवीकडे. तिथून श्योक निघते. थोडं खाली आल्यावर पूर्वेकडून चिप चाप मिळते, आणि मग नदी दक्षिणेकडे, जराशी आग्नेयेकडे झुकत चालत राहते. आजूबाजूला झाड नाही, शेत नाही, वस्ती तर नाहीच. वाटेत पूर्वेकडूनच गलवान मिळते, ऐंशीएक किलोमीटरची छोटी नदी, २०२० च्या जूनमध्ये तिथे भारत-चीन सैनिकांची चकमक होईपर्यंत आपल्यापैकी किती जणांनी तिचं नाव ऐकलं होतं? लेहचे गुलाम रसूल गलवान म्हणून एक वाटाड्या होते, युरोपातल्या प्रवाशांबरोबर या भागात फिरलेले, त्यांच्या नावावरून ती गलवान. तिच्या पुढे चांग चेन्मो मिळते, तीही पूर्वेकडूनच. म्हणजे अक्साई चिनच्या बाजूचं बरंच पाणी एकेक करून श्योकच्या पोटात येतं.

आणि मग येतं श्योक गाव. इथे समोर पांगोंग रेंज उभी राहते आणि नदी सरळ मागे वळते. थोडीफार वळत नाही, इंग्रजी व्हीच्या आकारात वळते, आत्तापर्यंत दक्षिणेला चाललेली नदी आता वायव्येला निघते, आणि ज्या बाजूने आली जवळपास त्याच बाजूला परत जायला लागते, मध्ये फक्त एक डोंगररांग ठेवून. ती रांग म्हणजे सासेर मुझ्ताघ, सासेर कांगरी त्यातलंच सगळ्यात उंच शिखर, ७,६७२ मीटर. पूर्वेला श्योक, दक्षिणेला श्योक, पश्चिमेला नुब्रा, असा त्या डोंगराला तीन बाजूंनी वेढा आहे. वळणाच्या भागातून काराकोरम फॉल्ट जातो, जमिनीतली प्रचंड लांब भेग, आणि वळल्यानंतरची दरी त्या भेगेच्या दिशेनेच वायव्येला गेलेली आहे. नदी उगीच भरकटली असं नाही, खडक जिथे मोडलेले, भरडलेले होते तिथे तिला वाट सापडली.

याच वळणाजवळ तांगत्सेकडून एक ओढा येऊन मिळतो. तो ओढा बघून मला कायम पांगोंग लेक आठवतो, कारण एके काळी पांगोंगचं पाणी याच वाटेने श्योकमध्ये येत होतं असं भूगर्भवाले सांगतात. पुढे ती वाट बंद झाली, तळ्याला बाहेर पडायला जागाच उरली नाही, पाणी येतं आणि फक्त वाफ होऊन जातं, म्हणून पांगोंग खारं आहे. लोक पांगोंगला चव घेऊन बघतात आणि आश्चर्य करतात, कारण मात्र चाळीसेक किलोमीटरवर या ओढ्यात आहे.

आता जुने व्यापारी. लेहहून यारकंदला (आता चीनच्या शिनजियांगमध्ये) जाणारे तांडे काराकोरम पासमधून जायचे, ५,५४० मीटर उंचीचा पास. उन्हाळ्यात ते लेहहून खारदुंग ला (ला म्हणजे खिंड) ओलांडून श्योकच्या काठी उतरायचे, नदी पार करून नुब्रात जायचे, तिथून सासेर ला चढायचे आणि पलीकडे सासेर ब्रांग्साला उतरले की पुढ्यात परत श्योक! तीच नदी, पण वळणाच्या आधीची. एवढा भयंकर बर्फाचा पास चढून ते त्याच नदीच्या वरच्या अंगाला पोचलेले असायचे. मग मुर्गो, देपसांग आणि पास. हिवाळ्यात मात्र नदीचं पाणी उतरतं, कुठे गोठतं, तेव्हा सासेर ला टाळून ते श्योकच्या पात्रातूनच वर जायचे, परत परत नदी ओलांडत. उन्हाळी वाट ताबिस्तानी आणि हिवाळी वाट जमिस्तानी अशी त्यांची नावं होती. आज दरबुक-श्योक-दौलत बेग ओल्डी असा जो २५५ किलोमीटरचा रस्ता सैन्यासाठी झालाय तो साधारण या हिवाळी वाटेनेच जातो, आणि त्याचा सुरुवातीला आखलेला बराच भाग नदीच्या इतका जवळ होता की उन्हाळ्याच्या पुरात खराब व्हायचा, मग तो बदलून परत बांधावा लागला. २०१९ मध्ये श्योकवर कर्नल चेवांग रिंचेन यांच्या नावाचा पूल झाला, १,४०० फूट लांब.

पुराचं म्हणाल तर १९२९ चा पूर वाचून माझी झोप उडाली होती. वर रिमोच्या खाली कुमदान नावाचे ग्लेशियर आहेत, त्यातला चोंग कुमदान सरकत सरकत नदीच्या पात्रात आडवा आला आणि पलीकडच्या कड्याला जाऊन टेकला. बर्फाचा बांधच झाला, मागे पंधरा किलोमीटरपेक्षा लांब तळं साठलं, आणि ऑगस्ट १९२९ मध्ये तो बांध फुटला. १९२६ लाही असं झालं होतं. श्योकच्या काठची शेतं, वाटा वाहून गेल्या आणि श्योक पुढे सिंधूलाच मिळत असल्याने शेकडो किलोमीटर खाली अटकेला सिंधूचं पाणी चढलं. सर्व्हे ऑफ इंडियाच्या केनेथ मेसन यांनी यावर सविस्तर लिहून ठेवलंय. अटक म्हणजे तीच, आपली अटकेपारवाली, १७५८ साली राघोबादादा आणि मल्हारराव होळकरांच्या मोहिमेत मराठी फौजा पोचल्या ती. होळकरांच्या शहरात राहून अटकेचं नाव लहानपणापासून ऐकलं, पण तिथल्या पाण्यात काराकोरमच्या ग्लेशियरचा वाटा आहे हे शाळेत कोणी सांगितलं नाही.

खारदुंग लाची धार मला फार आवडते, आणि इंदूरच्या माणसाला ती लगेच कळेल. आपलं शहर पाणी वाटून देणाऱ्या उंचवट्याजवळ आहे ना. इंदूरचा पाऊस कान्ह नदीतून क्षिप्रेत, तिथून चंबळ, यमुना, गंगा करत बंगालच्या उपसागरात जातो, आणि जरा दक्षिणेला सरकलात, पातालपाणीच्या बाजूला, की तोच पाऊस चोरलमधून नर्मदेत आणि अरबी समुद्रात. दोन थेंब शेजारी पडले आणि कायमचे लांब गेले. खारदुंग लावर पण दोन बाजू आहेत, लेहकडचा बर्फ वितळून सिंधूत जातो आणि पलीकडचा श्योकमध्ये. पण तिथे दोन्ही नद्या लडाख रेंजच्या दोन अंगांनी वायव्येलाच चालत राहतात आणि बाल्टिस्तानात, स्कर्दूच्या पूर्वेला, केरिसपाशी एक होतात. साधारण साडेपाचशे किलोमीटर चालून श्योक तिथे संपते.

हुंदरच्या खाली दरी अरुंद होत जाते. दिस्कितपाशी नदी वेणीच्या पेडांसारखी पसरलेली असते, मधे वाळूची बेटं, पण तुर्तुककडे ती खडकात दाबली जाते आणि आवाज करायला लागते. तुर्तुक, त्याक्षी, चालुंका, थांग ही गावं १९७१ च्या युद्धात भारतात आली, लोक बाल्टी, घरोघरी जर्दाळूची झाडं. थांगच्या पुढे नियंत्रण रेषा. नदी अर्थातच थांबत नाही, पुढे खपलूपाशी साल्तोरो आणि हुशेचं पाणी घेऊन केरिसला जाते. तुर्तुकमध्ये काही घरांचे सख्खे भाऊ, काका पलीकडच्या बाजूला आहेत, याच नदीच्या काठावर, आणि भेट होत नाही. हे ऐकल्यावर पुढे काही बोलावंसं वाटत नाही.

यंदा जाणार असाल तर एवढं करा. नुब्राहून पांगोंगला जाताना परत लेहला येऊ नका, खालसरहून अगम आणि श्योक गाव करत दरबुकला जाणारा रस्ता घ्या, तो बराच वेळ नदीच्या कडेने जातो आणि वळण तुमच्या डोळ्यांनी दिसतं, ड्रायव्हरला श्योक गावाच्या आसपास दहा मिनिटं गाडी थांबवायला सांगा. निघायचं ते सकाळी लवकर, कारण ग्लेशियरचं पाणी आहे, ऊन वाढलं की वर बर्फ वितळतो आणि दुपारनंतर नाले चढतात. जुलै-ऑगस्टमध्ये हा रस्ता अधूनमधून बंद पडतो, तेव्हा आदल्या दिवशी दिस्कितमध्ये विचारून घ्या, बंद असेल तर अगमवरून वारी ला करून सक्तीला उतरता येतं. आणि रंग बघायचा असेल तर सप्टेंबर संपताना जा, गाळ खाली बसलेला असतो, उन्हाळ्यातली राखाडी श्योक तेव्हा चक्क निळी-हिरवी दिसते.