टेस्टच्या फाइली हलवल्या आणि एक टेस्ट वाढली

आकडा दिला की मराठी शब्द देणारी माझी पायथन लायब्ररी. दोन वर्षं तिच्या सगळ्या टेस्ट (कोड बरोबर उत्तर देतो का हे तपासणारी छोटी फंक्शनं) एकाच फाइलमध्ये साठत गेल्या, १,४०० ओळी झाल्या. मराठीत शंभरपर्यंत जवळपास प्रत्येक अंक पाठच करावा लागतो: ८९ एकोणनव्वद, पण ९९ नव्याण्णव. म्हणून टेस्टही भरपूर. या शनिवार-रविवारी त्यांची चार फोल्डरांत वाटणी केली: साधे अंक, मोठ्या संख्या, रुपये-पैसे, आणि माझे लाडके सव्वा-दीड-अडीच.

हात लावण्याआधी पायटेस्टला (टेस्ट शोधून चालवणारं साधन) कलेक्ट-ओन्ली, म्हणजे न चालवता नुसत्या गोळा करायचा पर्याय, देऊन मोजणी लिहून ठेवली होती: ३१२.

पहिली अडचण नावांची. चारही फोल्डरांत 'टेस्ट_नियम' ही फाइल केली, तर पायटेस्ट गोळा करतानाच अडलं. फोल्डरमध्ये इनिट फाइल (फोल्डरला पायथनचं पॅकेज बनवणारी) नसेल तर ते नुसत्या फाइलच्या नावालाच मॉड्यूलचं, म्हणजे इम्पोर्ट होणाऱ्या कोडचं, नाव मानतं, मग दोन सारखी नावं भांडतात. मी इम्पोर्टलिब मोड लावला, म्हणजे फाइली इम्पोर्ट करायची पायटेस्टची दुसरी पद्धत (पायटेस्ट ६.० पासून आहे). त्यात टेस्टचं फोल्डर इम्पोर्टच्या वाटेवर येत नाही, त्यामुळे टेस्टमध्ये दोन शब्द ताडून बघणारं माझं मदतनीस फंक्शन सापडेना. ते कॉनफटेस्टमध्ये (पायटेस्ट आपणहून वाचतं ती सामायिक फाइल) फिक्श्चर म्हणून, म्हणजे टेस्टने मागितलं की मिळेल असं, नेलं. ते फंक्शन सोडून चालणारच नव्हतं: 'चौऱ्याऐंशी'तला ऱ एका कोडपॉइंटचाही (युनिकोडमधला अक्षराचा क्रमांक) असतो, र आणि नुक्ता मिळूनही होतो. डोळ्यांना सारखा, तुलनेत वेगळा. दोन्ही बाजू एनएफसीत, म्हणजे युनिकोडच्या एकाच ठरावीक रूपात, आणूनच ताडतो.

मग पुन्हा मोजलं. ३१३!

एखादी गळाली असती तर कारण लगेच सुचलं असतं. वाढली कशी, हे शोधायला रविवारची अख्खी सकाळ गेली. जुन्या फाइलमध्ये एकाच नावाची दोन फंक्शनं होती. पायथन तक्रार करत नाही, दुसरी व्याख्या पहिलीला गुपचूप झाकते. फाइली वेगळ्या झाल्या तशी झाकलेली टेस्ट पहिल्यांदा चालली, आणि नापास झाली. १,१०० ला लायब्ररी 'एक हजार एकशे' म्हणत होती. हवं 'एक हजार शंभर'. शतकस्थानी एक असून पुढे काहीच उरत नसेल तर शंभर, उरत असेल तर एकशे. मी हा नियम फक्त अख्खी संख्या १०० असतानाच लावला होता.

दुरुस्ती लगेच करायचा मोह आवरला. गिट (कोडमधल्या बदलांचा इतिहास ठेवणारं साधन) फाइल हलवल्याची नोंद ठेवत नाही, मजकुराच्या साम्यावरून ओळखतं, तेव्हा त्या कमिटमध्ये (एका वेळी नोंदलेल्या बदलांत) निव्वळ हलवाहलव ठेवली आणि नापास टेस्टवर एक्सफेलची, म्हणजे 'ही नापास होणं अपेक्षित आहे' अशी, खूण केली. शंभरची दुरुस्ती पुढच्या कमिटमध्ये. एका फाइलच्या चार झाल्यामुळे गिटचा 'फॉलो' पर्याय (नाव बदललेल्या एका फाइलचा माग काढणारा) पुरत नाही, पण ब्लेमला (कुठली ओळ कधी आली हे दाखवणारी गिटची आज्ञा) सी पर्याय दिला की ओळींचा जुना इतिहास दिसतो.

आता ३१३ हिरव्या, म्हणजे पास, आहेत. पुढच्या आठवड्यात दुबार नावं पकडणारा लिंटचा (कोड न चालवता चुका दाखवणारं साधन) नियम लावतो, आणि रुपये-पैशांत १,१००.५० तपासतो.