नाशिक रोडच्या आर्टिलरी (तोफखाना) रेकॉर्ड ऑफिसला जाऊन आलो, तात्यांच्या मेडलची नोंद दुरुस्त करायला

ज्यांच्या घरात तोफखान्यातून रिटायर झालेलं माणूस आहे आणि डिस्चार्ज बुकात, म्हणजे निवृत्तीच्या वेळी मिळणाऱ्या नोकरीच्या नोंदवहीत, मेडलच्या पानावर काहीतरी राहून गेलंय असं वाटतंय, त्यांच्यासाठी हे लिहितोय. आम्ही कराडकडचे. माझे चुलते, तात्या, तोफखान्यात हवालदार होते, ७१ च्या लढाईत पश्चिम सीमेवर तोफेवर होते. त्यांच्या डिस्चार्ज बुकात सैन्य सेवा मेडल आहे, संग्राम मेडल आहे, स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षाचं मेडल आहे, नऊ वर्षं सेवेचं आहे, पण पश्चिमी स्टार नाही. म्हणजे प्रत्यक्ष लढाईचं जे मेडल तेच नाही. तात्या कधी बोलले नाहीत, पण १६ डिसेंबरला तालुक्याला विजय दिवसाचा कार्यक्रम असतो तिथं बरोबरीचे लोक छातीवर स्टार लावून येतात आणि एकदा कुणीतरी सरळ विचारलं की तुम्ही लढाईत होता ना मग स्टार कुठाय, त्यानंतर ते कार्यक्रमालाच जाईनात. तेव्हा ठरवलं की हे काम करायचंच.

नोंद राहिली कशी ते आधी समजून घ्या, कारण अर्ज त्यावरच उभा राहतो. पश्चिमी स्टार आणि पूर्वी स्टार ही पदकं लढाई चालू असताना नव्हती, ती नंतर, १९७३ मध्ये जाहीर झाली. म्हणजे युनिटनं पात्र जवानांची यादी केली ती त्याच्यानंतर. आणि मधल्या काळात तात्यांना कावीळ झाली, जानेवारी ७२ मध्ये एमएचला (मिलिटरी हॉस्पिटलला) भरती, तिथून बरे झाले ते दुसऱ्याच रेजिमेंटला पोस्टिंग. जुन्या युनिटच्या यादीत नाव नाही कारण माणूस तिथं नाही, नव्या युनिटनं नाव घातलं नाही कारण लढाईत ते त्यांच्याकडं नव्हते. संग्राम मेडल मात्र नव्या युनिटकडून मिळालं, कारण त्याचा काळ ३ डिसेंबर १९७१ पासून पुढं डिसेंबर १९७२ पर्यंत धरलाय, त्यात नव्या युनिटची नोकरी बसली. हा सगळा उलगडा आम्ही पोस्टिंगच्या तारखा एका कागदावर ओळीनं मांडल्या तेव्हा झाला. तुम्हीपण पहिलं तेच करा. कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत कुठल्या युनिटला, कुठल्या बॅटरीत (रेजिमेंटमधली तोफांची तुकडी), मधे हॉस्पिटल, कोर्स, लांब रजा काय झालं. तात्यांचं वय झालंय तरी सिक्वेन्स पक्का लक्षात होता, फक्त शेजारी बसून विचारायला वेळ द्यावा लागतो, घाई केली की गोंधळतात.

अजून एक, दोन प्रकारच्या पदकांची गल्लत करू नका. सेना मेडल, वीर चक्र, मेन्शन इन डिस्पॅचेस ही शौर्याची, ती नावानिशी राजपत्रात जाहीर होतात आणि त्यांना राज्य सरकारचं रोख अनुदान असतं. स्टार, सैन्य सेवा, संग्राम, लाँग सर्व्हिस ही सेवेची पदकं, अटीत बसलं की हक्कानं मिळतात, कुणाच्या शिफारशीची गरज नाही. यात पैसे मिळत नाहीत. गावात दोघंतिघं म्हणाले, मग कशाला एवढा खटाटोप. मला हा प्रश्नच पटत नाही. माणूस तोफेवर उभा होता, सरकारनं त्यासाठी पदक ठरवलंय, त्याच्या कागदावर ते असलंच पाहिजे.

आता जाण्याबद्दल. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे रेकॉर्ड ऑफिस नाशिक रोड कॅम्पला आहे, आर्टिलरी सेंटरच्या भागात. देवळालीला नाही. देवळालीला स्कूल ऑफ आर्टिलरी आहे आणि रिक्षावाल्याला नुसतं कॅम्प म्हणालात तर तो देवळाली कॅम्प समजतो, कारण नाशिकमध्ये कॅम्प म्हटलं की तेच. तुम्ही पूर्ण आर्टिलरी सेंटर, रेकॉर्ड ऑफिस असंच सांगा. पुण्याहून एसटीनं येणाऱ्यांनी सीबीएसपर्यंत (नाशिक शहरातला मुख्य बसस्टँड) जाऊ नये, गाडी सिन्नरवरून आधी नाशिक रोडलाच येते, तिथल्या बिटको चौकात उतरायचं, तिथनं रिक्षा मिळते. सीबीएसला गेलात तर तेवढंच अंतर परत मागं यायचं आणि वाटेतल्या द्वारका चौकाचं ट्रॅफिक म्हातारं माणूस बरोबर असताना नको वाटतं. मुंबईकडून रेल्वेनं येणाऱ्यांना नाशिक रोड स्टेशनच जवळ. आम्ही आदल्या संध्याकाळी पोचलो आणि स्टेशनजवळ लॉजवर राहिलो, कारण कराड ते नाशिक एका दिवसात करून लगेच ऑफिसला उभं राहणं तात्यांना झेपलं नसतं. राहायची सोय स्वस्तात हवी असेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाकडं विश्रामगृहाची चौकशी आधी फोन करून करा, आणि जाताना माजी सैनिकाचं ओळखपत्र जवळ ठेवा.

गेटवर चौकशी होते, लष्करी हद्द आहे, होणारच. ओरिजिनल ओळखपत्र लागतं, बरोबर जाणाऱ्याचं आधार लागतं, मोबाईल आत नेऊ देतील असं धरून चालू नका. म्हणून मोबाईलमध्ये फोटो आहेत त्यावर भागेल असं म्हणू नका, सगळं झेरॉक्स करून कागदावर न्या. फोन नंबरसुद्धा कागदावर लिहून न्या. आत फोटोबिटो अजिबात काढायचे नाहीत. शनिवार-रविवार आणि सरकारी सुट्टी बघून निघा, आणि सकाळी लवकर जा म्हणजे काही कमी पडलं तर त्याच दिवशी बाहेर येऊन झेरॉक्स करून परत आत जाता येतं. बोलणं हिंदीत होतं, तात्यांना त्याची अडचण नव्हती, गेटवर जवानानं सॅल्यूट केल्यावर तर ते असे ताठ झाले की काठी माझ्याच हातात राहिली.

आम्ही नेलेले कागद असे. डिस्चार्ज बुक ओरिजिनल आणि पूर्ण बुकाची झेरॉक्स, नुसतं मेडलचं पान नाही, सगळी पानं. पीपीओ (पेन्शन मंजुरीचा कागद). ओळखपत्र, आधार, पॅन. पोस्टिंगच्या तारखांचा तो एक पानी तक्ता. जुनी पत्रं, काकूंनी ट्रंकेत जपून ठेवलेली, त्यातलं एक आंतरदेशीय डिसेंबर ७१ चं, पाठवणाऱ्याच्या जागी तात्यांचा नंबर, रँक, बॅटरी, रेजिमेंट आणि खाली ५६ एपीओ (आर्मी पोस्ट ऑफिस), वर पोस्टाचा तारखेचा शिक्का. पत्रात लिहिलेलं काय तर आम्ही सगळे खुशाल आहोत आणि बैल विकू नका. पण त्या शिक्क्यानं आणि पत्त्यानं तारखेला माणूस कुठल्या युनिटच्या नोंदीवर होता याला आधार मिळतो. आणि अजून एक गोष्ट, संग्राम मेडल स्वतः. मेडलच्या कडेवर बारीक अक्षरात नंबर, रँक, नाव कोरलेलं असतं, वर्षानुवर्षं काळं पडलेलं असतं म्हणून घरच्यांच्या लक्षात येत नाही. घासायचं नाही, पावडर लावून चमकवायचं तर अजिबात नाही, अक्षरं झिजतात. उजेडात तिरपं धरलं की वाचता येतं. तात्यांच्या मेडलवर नावाचं स्पेलिंग एका अक्षरानं वेगळं निघालं, आधारवर वेगळं. म्हणून कराडलाच दोन्ही नावांची व्यक्ती एकच असं प्रतिज्ञापत्र करून घेतलं होतं, ते इथं कामाला आलं. आर्मी नंबर लिहिताना शेवटचं इंग्रजी अक्षर सोडू नका, तो नंबराचाच भाग आहे.

आता खरा मुद्दा. खिडकीवर गेल्या गेल्या मेडल द्या असं म्हणायचं नाही. आधी विचारायचं की शीट रोलमध्ये काय नोंद आहे. डिस्चार्ज बुक हे निवृत्तीच्या वेळी भरून दिलेलं असतं, मूळ नोकरीची नोंद शीट रोलला असते, आणि शीट रोलला नोंद चढते ती युनिटनं काढलेल्या पार्ट टू ऑर्डरवरून, म्हणजे जवानाच्या नोंदींच्या लेखी आदेशावरून. मग दोन शक्यता राहतात. शीट रोलमध्ये मेडल आहे पण डिस्चार्ज बुकात उतरवायचं राहिलं, तर काम सोपं, फक्त बुकात नोंद करून सही शिक्का घ्यायचा. शीट रोलमध्येच नाही, तर मग युनिटकडून पडताळणी आणि नवी पार्ट टू ऑर्डर लागते, त्याला वेळ जातो. बरेच लोक पहिल्या प्रकारचं काम असताना दुसऱ्या प्रकारचा मोठा अर्ज करून बसतात आणि कागद उगाच फिरत राहतो. आमचं दुसऱ्या प्रकारचं निघालं. काउंटरवरच्या माणसानं शांतपणे तक्ता बघितला, जानेवारी ७२ च्या ओळीवर पेन ठेवला आणि म्हणाला, यहीं छूटा है. तात्या नुसते हो म्हणाले.

अर्ज एका पानाचा करा. वर नंबर रँक नाव, मग कोणत्या युनिटला कोणत्या तारखांना होतो, युनिट तेव्हा कुठल्या भागात होतं, कुठलं मेडल नोंदीत नाही, आणि विनंती दोनच, युनिटकडून पडताळणी करावी आणि पात्र असल्यास पार्ट टू ऑर्डर काढून शीट रोल व डिस्चार्ज बुकात नोंद करावी. लढाईच्या आठवणी अर्जात लिहू नका, त्या मोलाच्या आहेत पण अर्ज वाचणाऱ्याला तारखा हव्यात. सही माजी सैनिकाचीच हवी. पोच म्हणून दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्या. ओरिजिनल डिस्चार्ज बुक पावतीशिवाय कुठंही ठेवून यायचं नाही, ते दाखवायचं आणि परत घ्यायचं, नोंद करायला मागवतील तेव्हा द्यायचं. आणि गावाकडं कुणी ओळखीवर करून देतो म्हणून पैसे मागत असेल तर देऊ नका, या कामाला मधला माणूस लागत नाही.

ज्यांना नाशिकला जाणं शक्यच नाही त्यांनी आपल्या जिल्ह्याच्या सैनिक कल्याण कार्यालयामार्फत हाच अर्ज पाठवावा, त्यांचं कव्हरिंग लेटर लागलं की बरं पडतं. उत्तर आलंच नाही तर माहिती अधिकारात शीट रोलच्या मेडल नोंदीची सहीची प्रत मागता येते, दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर, तीस दिवसांची मुदत. पण तो अर्जपण माजी सैनिकाच्या स्वतःच्या नावानं करा, पुतण्यानं केला तर दुसऱ्याची वैयक्तिक माहिती म्हणून नाकारला जाऊ शकतो. त्याच्याही पुढं सशस्त्र दल न्यायाधिकरण आहे, मुंबईला खंडपीठ आहे, आमच्यावर ती वेळ आली नाही.

उशीर मात्र करू नका. पेन्शन नसलेल्या जवानांची कागदपत्रं २५ वर्षांनी नष्ट करायचा नियम आहे, मग फक्त लाँग रोल उरतो, त्यात थोडक्यात नोंदी असतात. कमी नोकरी करून घरी आलेल्यांनी हे जास्त मनावर घ्यावं. आणि माणूस हयात नसेल तरी वारसाला अर्ज करता येतो, मृत्यू दाखला आणि वारसाचा पुरावा जोडायचा. माझ्या मते विधवांनी तर करावाच, घरातल्या पुढच्या पोरांना आजोबा कुठं लढले ते कागदावर दिसायला पाहिजे.

आमचं पुढं असं झालं की रेकॉर्डकडून पत्र आलं, युनिटकडं पडताळणीला पाठवलंय म्हणून, नंतर हॉस्पिटल भरतीचा कागद असल्यास पाठवा म्हणून दुसरं पत्र, तो एमएचचा जुना चिठोरा तात्यांच्या फाईलमध्ये निघाला, त्याची प्रत स्पीड पोस्टनं पाठवली. त्यानंतर पार्ट टू ऑर्डर निघाल्याचं कळलं आणि बुक नोंदीसाठी मागवलं. आता मेडलच्या पानावर पश्चिमी स्टार ही ओळ आहे, खाली सही, गोल शिक्का. मेडल स्वतः अजून आलेलं नाही, ते दिल्लीच्या मेडल विभागाकडून येतं आणि त्याला किती वेळ लागेल ते रेकॉर्डच्या हातात नसतं. नोंद झाली की मागणी पुढं जाते, तेवढं विचारून खात्री करून घ्या.

तोफखाना सोडून बाकीच्यांनी नाशिकला येऊ नये. मराठा लाइट इन्फंट्रीचं रेकॉर्ड बेळगावला, बॉम्बे सॅपर्सचं खडकीला, महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशात सागरला, रणगाडेवाल्यांचं अहिल्यानगरला, सिग्नलचं जबलपूरला, नौदलाच्या खलाशांचं मुंबईत मानखुर्दला, हवाई दलाचं दिल्लीत सुब्रोतो पार्कला. ऑफिसर लोकांचं सगळं दिल्लीत आर्मी हेडक्वार्टरला. अर्जाचा नमुना हवा असेल तर सांगा, तात्यांचा नंबर झाकून टाकतो.