दम आधी, पाय मागून

पन्नाशीत पळायला लागलेला माणूस कोल्हापूरच्या रंकाळ्यावर लांबून ओळखू येतो. बूट कोरे, घड्याळ नवं आणि शालिनी पॅलेसच्या दिशेने दोनशे मीटर गेला की भाता सुरू.

खरं तर हे तालमींचं गाव. नव्या पोराला वस्ताद पहिल्याच दिवशी तयार गड्याशी भिडवत नाही. आधी जोर-बैठका, त्याही मोजून. पळताना पैलवान आपणच आणि वस्तादही आपणच, त्यामुळे मोजायचं तेवढं राहून जातं.

मोजणी साधी आहे. पाच मिनिटं भरभर चालायचं. मग एक मिनिट पळायचं, दोन मिनिटं चालायचं, असं आठ वेळा. शेवटी पाच मिनिटं चाल. झाली 34 मिनिटं. आठवड्यातून तीनदा पुरे, मधे खाडा हवाच. वेग किती? पळता पळता सोबत्याला गल्लीतल्या भांडणाची हकीकत सलग वाक्यांत सांगता आली पाहिजे. दोन-दोन शब्दांवर आलात की वेग कमी करायचा, मग शेजारून चालणाऱ्या काकू पुढे निघून गेल्या तरी. (अवघड आहे ते एवढंच.) घड्याळातल्या ठोक्यांवर फार विसंबू नये, रक्तदाबाची बीटा ब्लॉकर गोळी चालू असेल तर ठोके मुळातच कमी दिसतात. छातीत दाब आला, जबडा किंवा हात दुखू लागला तर मात्र ‘ॲसिडिटी असेल’ म्हणत फेरी पुरी करायची नाही. थांबायचं आणि थेट दवाखाना गाठायचा. साखर-रक्तदाब असलेल्यांनी तर सुरुवातच डॉक्टरांना विचारून करावी.

घोळ होतो तो चौथ्या-पाचव्या आठवड्यात. दम लवकर सुधारतो. हाडं, तसंच स्नायूंना हाडाशी बांधणाऱ्या कंडरा सुधारायला महिनोन्‌महिने घेतात. दम म्हणतो ‘नाद खुळा’, आणि माणूस एकदम पाच किलोमीटर मारून येतो. दोन दिवसांनी नडगीच्या आतल्या कडेला ठणका लागतो. दुखणं कडेभर पसरलेलं असेल तर पळणं थांबवून काही दिवस आराम द्यावा. पण एकाच जागी बोट ठेवून ‘इथंच’ म्हणता येत असेल, तर हाडाला बारीक तडा गेलेला असू शकतो, तपासून घ्यावं. यावर आधीपासूनचा उपाय म्हणजे पोटऱ्या. जिन्याच्या पायरीच्या कडेवर चवडे टेकवून टाचा उचलायच्या आणि सावकाश खाली सोडायच्या. पंधराच्या तीन पाळ्या, एक दिवसाआड. सावकाश सोडण्यातच खरं काम आहे, आणि तिथंच सगळे घाई करतात.

बूट संध्याकाळी घ्यावेत, दिवसभरात पाय किंचित फुगलेले असतात. सर्वांत लांब बोटापुढे हाताच्या अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी, नाहीतर नख काळं पडतं. कोल्हापुरी चप्पल आधी चावते, मग पायाला बसते; बुटाला ती सवलत नाही. जुलैत भिजले की आतला तळ काढून वर्तमानपत्र कोंबावं आणि पंख्याखाली ठेवावेत. चुलीजवळ ठेवले की गोंद सुटतो.

राहिली मिसळ. सत्तर किलोचा माणूस तीन किलोमीटर पळला की दोनशेच्या आसपास कॅलरी जातात. कटाची दुसरी वाटी आणि जादा स्लाइस येईपर्यंत त्या परत आलेल्या असतात.