पीओपी, साचे आणि भाची

आज दुपारी गॅलरीत जुने पेपर पसरून पीओपीने, म्हणजे प्लास्टर ऑफ पॅरिसने, साचे भरायला बसलो. भाची मदतीला होती, म्हणजे सूचना द्यायला. सिलिकॉनचे साचे: कमळ, पान, कोयरी.

आधी पाणी, मग पावडर. दोन वाट्या पावडरीला साधारण एक वाटी पाणी. पावडर भुरभुरत सोडायची, आपसूक भिजू द्यायची, मगच हलकं ढवळायचं. फार घोटलं की हवा शिरते आणि नेमका कोयरीच्या टोकावर बुडबुडा येतो. मिश्रण इडलीच्या पिठाइतकं झालं की ओतायचं आणि साचा टेबलावर हलकेच आपटायचा.

मग खरी गंमत. "मामा, हे गरम होतंय!" ही पावडर बनवताना जिप्सम हे खनिज भाजून त्यातलं बरंचसं पाणी उडवलेलं असतं. ते परत मिळालं की पावडर उष्णता सोडत पुन्हा जिप्सम होते. त्यामुळे यात हात बुडवून ठशाचे प्रयोग नकोत, खरोखर भाजतं. हे सांगेपर्यंत बाईसाहेबांचं बोट साच्यावर!

मोठ्या गणेशमूर्तींत पीओपीबरोबर काथ्या घालतात, बळकटीसाठी. आमच्या कमळाच्या पाकळीत तो कुठला मावायला? घट्ट झाल्यावर साचा उलटला, कडा हळूच मागे ओढल्या, तर कोयरीवरचा ठिपका न् ठिपका जसाच्या तसा. रंग मात्र पूर्ण वाळल्यावर.

आणि हो, उरलेलं मिश्रण बेसिनमध्ये ओतू नका, ते पाण्याखालीही दगड होतं.

भाचीची पुढची ऑर्डर आली आहे: डायनासोर. साचा कुणाकडे आहे का?