तिसरं बेअरिंग

पोळा होऊन आठवडा झाला असेल. वरूडजवळच्या एका संत्राबागेतून, मालक काकाजींचा, फोन आला. "मिस्त्रीभाऊ, स्लॅशर पुन्हा खरखर करून रायला." त्या 'पुन्हा'वरच मी अडकलो. मिनी ट्रॅक्टरमागच्या स्लॅशरच्या, म्हणजे गवत कापायच्या अवजाराच्या, गिअरबॉक्सात दोन महिन्यांत दोनदा बेअरिंग बदललं होतं, दुसरीकडून. तिसरं मी टाकून द्यावं, एवढंच काकाजींचं म्हणणं होतं.

नवं बेअरिंग महिन्यात जातं तेव्हा दोष बेअरिंगचा नसतो, हे माझं पक्कं मत आहे.

काकाजी बागेत माती उकरणारा रोटाव्हेटर घालत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. संत्र्याच्या बारीक मुळ्या जमिनीच्या वरच्या थरात असतात. त्या तुटल्या की झाड खचतं, जखमेतून डिंक्या रोगही शिरतो. म्हणून पावसाळ्यात सगळी भिस्त गवत कापण्यावर. तेव्हा झाडाखाली गवत मांडीपर्यंत आलं होतं.

आधी स्लॅशरला फिरकी देणारा शाफ्ट सोडून नुसता पीटीओ, म्हणजे ट्रॅक्टरमागचा फिरता दांडा, फिरवला. आवाज नाही. म्हणजे ट्रॅक्टर त्यातून सुटला. इंजिन बंद केलं, चावी खिशात टाकली आणि शाफ्टचे दोन्ही क्रॉस, म्हणजे टोकांचे सांधे, हातानं हलवून पाहिले. घट्ट होते. मग शाफ्ट जोडला आणि काकाजींना गळ्यातला दुपट्टा काढून लांब उभं राहायला सांगितलं. मिनिटाला ५४० फेरे म्हणजे सेकंदाला नऊ. दुपट्ट्याचं टोक त्यात सापडलं तर ओरडायलाही वेळ मिळत नाही.

स्लॅशर खाली होता तोवर हलकी घरघर होती. उचलत निम्म्यावर आणला आणि आवाज एकदम पालटला. खर्रर्र, जात्यात खडा सापडावा तसा. आणखी वर नेला तर थोडा कमी.

"हा शाफ्ट कोणता हाय, काकाजी?"

"जावयाच्या मोठ्या ट्रॅक्टरचा हाय ना. आपला मोडला व्हता."

मग बांधावरची ओली काळी माती घेतली, चांगली मळली आणि शाफ्टच्या एकमेकींत सरकणाऱ्या दोन नळ्यांपैकी आतल्या नळीवर, योकला म्हणजे टोकाच्या दुबेळक्याला लागून, अंगठ्याएवढ्या जाडीचं कडं थापलं. पीटीओ बंद ठेवून नुसत्या हायड्रॉलिकवर स्लॅशर हळूहळू वर नेला, खाली आणला. इंजिन बंद करून पाहतो तर कडं चपटं होऊन पापडासारखं योकला चिकटलेलं. बाहेरच्या नळीची गोल कड त्यावर स्पष्ट उमटली होती. नळीला आत सरकायला जागाच उरत नव्हती. शाफ्ट सरळ रेषेत आला की अंतर सगळ्यात कमी होई आणि तो पहारीसारखा गिअरबॉक्सच्या पिनियनला, म्हणजे लहान दातेरी चाकाला, आत रेटी. पिनियन क्राउनमध्ये, म्हणजे मोठ्या दातेरी चाकात, रुतून दात घासत, सगळा दाब बेअरिंगवर जाई. झाडं ६ मीटरवर, ओळ संपली की स्लॅशर उचलून वळायचं, तेही पीटीओ चालू ठेवून. दिवसभरात असे दणके किती बसत असतील, ते काकाजींनी मनातल्या मनात मोजलं असावं. बराच वेळ ते त्या मातीकडेच पाहत राहिले.

दोन्ही नळ्या सारख्याच, दीड-दीड इंच कापल्या. वरचं प्लास्टिकचं कव्हरही तेवढंच. कडांवर कानस फिरवली, आत ग्रीस भरलं. स्लॅशर अगदी खाली टेकवून नळ्या एकमेकींत पुरेशा राहतात हेही पाहिलं. फार कापलं तर शाफ्ट निसटतो. पुन्हा माती लावली. या वेळी कडं जसंच्या तसं राहिलं.

मग गिअरबॉक्स उघडला. तेलात चंदेरी चुरा, चुंबकाला दाढीसारखा चिकटला. बेअरिंग आणि सील नवं टाकलं, धुऊन ९० नंबरचं तेल भरलं. पिनियनच्या दोन दातांच्या कडा मात्र उडाल्या होत्या. काकाजींना त्या बोटानं चाचपायला लावल्या. "या हंगामाचं गवत निघून जाईन. पण आंबिया बहार फुटायच्या आत क्राउन-पिनियनची जोडी बदलाच," म्हटलं.

"शाफ्ट आधीच पाह्यला असता तर जोडी वाचली असती नं?"

"वाचली असती, काकाजी."