अकराच्या आत काठावर

गंगापूर धरणाची भिंत पूर्वेला आहे आणि पाण्याचा फुगवटा पश्चिमेकडे पसरलेला आहे. एप्रिल-मेमध्ये दुपारचा वारा येतो तो पश्चिमेकडून. म्हणजे दमलेल्या माणसाची कयाक (वल्ह्याने चालवायची छोटी, लांबट होडी) वारा आपसूक भिंतीकडे नेतो, आणि भिंतीच्या, सांडव्याच्या आसपास तर कुणी फिरकायचंच नसतं. नाशकात ग्रुपने कयाकिंगला जायचं तर एवढा भूगोल आधी डोक्यात हवा. क्लब कसा आहे तेही बरंचसं यावरूनच कळतं: पाण्यात किती वाजता उतरतात आणि बाहेर किती वाजता येतात. सकाळी साडेसहाला उतरून अकराच्या आत सगळ्या कयाक काठावर, हे वेळापत्रक चांगलं. ‘दहाला जमू, मिसळ खाऊ, मग निघू’ असं कुणी म्हणालं तर मिसळ खाऊन घरी परतावं.

पैसे भरण्यापूर्वी तीन गोष्टी विचारा. जलसंपदा खात्याची परवानगी आहे का? आठ जणांमागे कयाकिंग रीतसर शिकलेले किती? कुणी उलटला तर त्याला वर कोण घेणार आणि कसं? ‘हो हो, आपलं नेहमीचंच आहे’ हे तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर नव्हे. तुम्हीही खरं सांगायचं: पोहता येतं का, खांदा निखळलेला आहे का, दमा आहे का, चष्म्याशिवाय कितपत दिसतं. पोहता न येणाऱ्याला नेता येतं. ‘येतं थोडंसं’ म्हणणाऱ्याला सांभाळणं त्याहून अवघड.

लाइफ जॅकेटवर जरा वेळ घालवू, कारण इथेच सगळे घाई करतात. आतल्या पट्टीवर न्यूटनमध्ये आकडा छापलेला असतो. ५० म्हणजे साधारण पाच किलोचा उचल, तो पोहणाऱ्यासाठी. पोहता येत नसेल तर १०० चं, मानेमागे कॉलर असलेलं मागा. बकलं खालून वर लावत या. आधी कमरेचं, मग छातीचं. नंतर शेजाऱ्याला सांगा, दोन्ही खांद्यांच्या पट्ट्या धरून वर ओढ. जॅकेट कानापर्यंत आलं तर ते सैल आहे. काठावर एवढं सरकणारं जॅकेट पाण्यात नाकावर येतं आणि माणूस ते खाली दाबत बसतो, दोन्ही हात त्यातच अडकतात. जुन्या जॅकेटचा फोम चिमटीत दाबून पाहा. तो दबला आणि पुन्हा फुगला नाही, तर दुसरं मागा.

भाड्याने मिळतात त्या बहुतेक ‘सिट-ऑन-टॉप’, म्हणजे वर बसायच्या बंद कयाक. त्यांच्या मागच्या टोकाला पाणी काढायचं एक छोटं बूच असतं. मागच्या ट्रिपनंतर पाणी काढायला ते उघडतात आणि लावायचं विसरतात. अर्ध्या तासाने कयाक जड वाटू लागते, आतून खळखळ ऐकू येते, आणि मग ती जराशा हालचालीने कलते. नवखा समजतो, आपल्याला जमत नाहीये. उतरण्यापूर्वी बोटाने चाचपून बघा, पाच सेकंदांचं काम. बसायच्या जागेतली आरपार भोकं मात्र वेगळी. त्यांतून थोडं पाणी वर येतं, ते ठीक आहे.

दोघांच्या कयाकमध्ये वजनदार माणूस मागे. पुढचा लय ठरवतो, मागचा ती पकडतो आणि दिशा सांभाळतो. नवरा-बायकोची भांडणं इथे हमखास होतात, त्यामुळे कोण कुठे बसणार ते काठावरच मिटवा.

वल्ही चालवणं म्हटलं की जिल्ह्यात चांदवडच्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ आठवतो, २०१६ च्या ऑलिंपिकमध्ये उतरलेला. पण त्याचं रोइंग. तिथे जायच्या दिशेला पाठ असते. कयाकमध्ये तोंड पुढे आणि हातात दोन्ही टोकांना पाती असलेलं एकच पॅडल. रुंद कयाकला साधारण २२० ते २४० सेंटिमीटरचं लागतं. ते डोक्यावर आडवं धरा आणि दोन्ही कोपरं काटकोनात येतील तिथे पकडा. पात्याची खोलगट बाजू आपल्याकडे. पातं पायाच्या पंजापाशी पाण्यात घालायचं आणि कमरेपाशी बाहेर काढायचं. कमरेच्या मागे नेलं की पाणी फक्त वर उचललं जातं आणि कयाकचं नाक, म्हणजे पुढचं टोक, भरकटतं. ओढ खांद्यातून नको, धड वळवून घ्या. अंगठ्याच्या बेचक्यात फोड आला म्हणजे मूठ फार घट्ट आहे. वरच्या, पुढे ढकलणाऱ्या हाताची बोटं दर वल्ह्याला सैल सोडा.

आता पुन्हा वारा. नवख्यांचा ग्रुप शांत पाण्यात ताशी चारेक किलोमीटर जातो. म्हणजे जाऊन-येऊन सहा किलोमीटरला थांबे धरून दोन-अडीच तास. समोरून वारा लागला की हा वेग सहज निम्म्यावर येतो. म्हणून जाताना वाऱ्याच्या तोंडाला जायचं आणि येताना वारा पाठीशी घ्यायचा. उलट केलं तर जाताना सगळे खुशीत, फोटो वगैरे, आणि परतताना निम्मा ग्रुप हातांकडे बघत बसलेला. वारा ताशी वीस किलोमीटरच्या आसपास गेला की लाटांच्या माथ्यावर जागोजागी पांढरा फेस दिसू लागतो. नवे लोक बरोबर असतील तर फेसाचे पहिले ठिपके दिसताच वळा.

वारा बाजूने असला की बहुतेक कयाक आपलं नाक वाऱ्याकडे वळवतात. नवखे अशा वेळी वाऱ्याच्या बाजूचा हात थांबवतात आणि दुसऱ्याच बाजूने मारत राहतात, त्याने नाक आणखीच वळतं. वारा उजवीकडून असेल तर उजवीकडेच पॅडल लांब, अर्धवर्तुळात फिरवा. नाक सरळ होतं.

ग्रुपमध्ये एक कयाक सगळ्यांत पुढे, एक सगळ्यांत मागे, आणि या दोन्हींवर शिकलेली माणसं. पुढच्याला ओलांडायचं नाही, शेवटच्याच्या मागे राहायचं नाही. दोन कयाकमधलं अंतर हाक ऐकू जाईल इतकंच. खरा घोळ थांब्यावर होतो: पुढचे दहा मिनिटं विसावतात, शेवटचा पोचतो आणि सगळे लगेच निघतात. ज्याला विश्रांती हवी, नेमकी त्यालाच ती मिळत नाही. चांगला लीडर शेवटचा पोचल्यानंतर घड्याळ लावतो. शिट्टी एक म्हणजे इकडे बघा, तीन म्हणजे मदत. पॅडलच्या खुणा मात्र क्लबगणिक बदलतात; उभं पॅडल कुठे ‘या’, कुठे ‘रस्ता मोकळा’. काठावरच विचारून घ्या.

उलटलात तर पहिलं काम कयाक धरणं. रिकामी कयाक वाऱ्याने तुमच्या पोहण्यापेक्षा वेगाने पळते. तळावरून हात टाकून पलीकडची कड पकडा आणि मागे झुकत ती आपल्याकडे ओढा. सरळ झाली की सीटच्या बाजूला या आणि पाय मागे मारत अंग पाण्यावर आडवं होऊ द्या. मग एका झटक्यात पोट कयाकवर. पालथेच राहा, दम घ्या, मग कूस बदलून बूड सीटमध्ये, पाय सर्वांत शेवटी. लोक उभ्या अंगानेच वर चढू बघतात, तेव्हा पाय कयाकखाली जातात आणि ती पुन्हा अंगावर येते. मदतीला आलेल्याने आपली कयाक समांतर लावून तुमची कड दोन्ही हातांनी दाबून धरायची. दोघांच्या कयाकमध्ये एकेकाने चढायचं, दुसऱ्याने पलीकडच्या बाजूला लोंबकळायचं. हे पहिल्याच दिवशी काठाजवळ, छातीभर पाण्यात दोनदा करून बघा.

पाणी उतरलं की काठ बदलतात. मेमध्ये काठाला गाळ उघडा पडतो, गुडघाभर पाय रुततो आणि चप्पल आतच राहते. मुरमाड जागा बघूनच उतरा. मासेमारीची जाळी थर्माकोलच्या किंवा बाटल्यांच्या तरंगांवरून ओळखू येतात. दोन तरंगांच्या मध्यावरून, पॅडल उचलून, नुसत्या वेगावर पार व्हा. अडकलात तर हिसडा देऊ नका, उलटं वल्हवा. ते जाळं कुणाचं तरी पोट आहे. शेतीच्या मोटारींच्या केबली काठावरून पाण्यात आलेल्या असतात, तिथे कयाक लावायचीच नाही.

जीन्स नको, पटकन सुकणारे फुल बाह्यांचे कपडे आणि मागे पट्टा असलेले सँडल. चष्म्याला दोरी. माणशी दोन लिटर पाणी. फोन आणि गाडीची किल्ली ड्राय बॅगमध्ये, म्हणजे पाणी आत न जाणाऱ्या पिशवीत: हवा दाबून काढा, तोंडाला किमान तीन घड्या घाला, मग बकल. दोनच घड्या घातल्या की पाणी आत शिरतं. पिशवी कयाकला बांधा, गळ्यात नको. आणि साबण, शाम्पू काठावर काढू नका, गंगापूरचं पाणी शहराच्या नळाला येतं.

नांदूर मध्यमेश्वरला कधी नेणार, असं प्रत्येक बॅचमध्ये कुणीतरी विचारतं. ते पक्षी अभयारण्य आहे, महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीतलं. तिथे काठावरून दुर्बिणीने बघायचं. जुलै ते सप्टेंबर धरणांवरही नको, विसर्ग कधी वाढेल त्याचा नेम नसतो.